बिनगावाचा बिशप

"यात्रेच्या दिवशी तुमच्या जागेवर मी जाऊन बसतो," असं मी माझ्या साडूंना म्हणालो. चूक झाली.

ती केवढी झाली हे समजायला आधी माझे साडू समजले पाहिजेत, आणि ते अजून त्यांच्या बायकोलाही पुरते समजलेले नाहीत. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. रोमन साम्राज्य बुडालं याची हळहळ आज अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात जर कोणाला वाटत असेल, तर ती या एका माणसाला. बाकीच्या जिल्ह्याला नळाला पाणी कधी येणार ही एकच काळजी पुरून उरते. साडूंना तीही असते, पण तिचा नंबर दुसरा. सकाळी उठल्यावर ते आधी मोबाइलवर ट्युनिशियातलं तापमान बघतात, मग सोलापूरचं, आणि मग चहा पितात. "तिकडं आज चौतीस. आपल्याकडं एक्केचाळीस," असं जाहीर करताना त्यांच्या चेहऱ्यावर मुलगी थंड हवेच्या गावी दिल्याचं समाधान असतं. एकदा ऐन लग्नाच्या मांडवात, अक्षता पडायच्या आधी, ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाव्हणं, पडला एकदाचा पाऊस!" मी मूर्ख, उठून बाहेर धावलो आणि कोरडं आभाळ बघत उभा राहिलो. माझ्यामागोमाग वराचे काकाही धावले, कारण जेवणाच्या पंगती उघड्यावर होत्या. पाऊस आफ्रिकेत पडला होता.

तर ज्या गावापायी हे सगळं, ते हे गाव. उत्तर आफ्रिकेतल्या एका कोरड्या माळावर रोमन लोकांनी वसवलेलं आणि हजार-बाराशे वर्षांपूर्वी ओस पडलेलं. आता तिथे खांब आहेत, कमानी आहेत आणि त्यांच्या सावलीला शेळ्या आहेत. गावाचं नाव मी लिहीत नाही. एकदा मी ते लिहून साडूंना दाखवलं होतं. त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाले, "लिवलंय झ्याक, पर ह्ये गाव दुसरंच झालं." तेव्हापासून मी ते नाव तोंडीच वापरतो, आणि तेही घाईत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान (मी त्यांना दादा म्हणतो), पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून. इतिहासाशी त्यांचा संबंध शाळेत आला तेवढाच, आणि तोही मास्तरांच्या छडीमार्फत. पण निवृत्तीनंतर ते पहाटे फिरायला जाऊ लागले, आणि तिथे त्यांना एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक भेटले. एके दिवशी बोलता बोलता या सरांनी त्यांना सांगितलं, की बिशप म्हटला की त्याला गाव लागतंच. पण काही बिशपांना सांभाळायला स्वतःचं गाव नसतं. ते दुसऱ्या मोठ्या बिशपाच्या हाताखाली काम करतात, नाहीतर कचेरीत बसतात. आता बिनगावाचा बिशप तर करता येत नाही. मग रोम त्यांना कुठलं तरी जुनं, मोडून पडलेलं गाव देतं. गावात चिटपाखरू नसतं, पण गावाची गादी चालू राहते.

साडू म्हणे भर रस्त्यात उभे राहिले. "म्हंजी गाव न्हाय, आन् गावाचा मान हाय?"

"तसंच समजा," सर म्हणाले.

साडू त्या दिवशी फिरणं अर्धवट टाकून घरी आले आणि मोबाइलमध्ये शिरले, ते अजून बाहेर आलेले नाहीत. शेकडो पडक्या गावांतून त्यांनी हे एक गाव निवडलं, कारण फोटोत तिथली जमीन आपल्यासारखी दिसत होती. आमच्या मेहुणीबाई, म्हणजे ताई, माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, "म्हातारपणी पुरुषांना काय काय सुचतं ऐकलं होतं गं. माझ्या नशिबी आफ्रिकेतली सवत आली."

सवत एकदा घरात आली की सगळीकडे पसरते. आधी ती न्हाणीघरात आली. त्या गावातल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा एक हौद आहे, पायऱ्या उतरून आत जायचा, बारवेसारखा, आणि आतून रंगीत खड्यांच्या नक्षीने मढवलेला. साडूंनी टाइल्स बसवणाऱ्याला बोलावून मोबाइलवर फोटो दाखवला आणि फुटक्या टाइल्सचं पोतं पुढे ठेवलं. चार मासे हवे होते. तयार झाले ते मासे की कोंबड्या यावर नातेवाइकांत आजही दोन तट आहेत. ताईंनी कारागिराला जाब विचारला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाई, वर पानी सोडा, आपोआप पवाया लागतील."

मग सवत स्वयंपाकघरात आली. त्या मुलखाची सगळी श्रीमंती म्हणे ऑलिव्हच्या तेलावर उभी होती. कोरडवाहू झाड, पाऊस पडो न पडो, तेल देणारच. साडूंनी मला ते तेल आणायला सांगितलं. मी नव्या पेठेतलं माझं दुकान सोडून कधी फारसा लांब जात नाही, तेव्हा शेजारच्या औषधाच्या दुकानातून एक छोटी बाटली घेतली आणि पोचवली. साडूंनी भाकरीवर शेंगाचटणी घेतली, त्यावर ते तेल ओतलं, डोळे मिटले आणि खाल्लं. "वास जरा पावडरीसारका येतुय," ते म्हणाले, "पर त्या लोकांना सवय आसंल." आठवडाभर त्यांनी ते निष्ठेने खाल्लं. मग ताईंनी बाटलीवरचं बाळाचं चित्र पाहिलं. तेल तान्ह्या मुलांच्या मालिशचं होतं. ताई माझ्याशी पुढे महिनाभर बोलल्या नाहीत. साडू मात्र म्हणाले, "आसू द्या. सांधं मोकळं झालं."

माझं चादरी-टॉवेलचं दुकान त्यांना फार आवडतं, म्हणजे दुकान नव्हे, दुकानाची पायरी. तिथे उभं राहून ते नव्या पेठेच्या गर्दीकडे बघतात आणि म्हणतात, "पाव्हणं, ह्ये तुमचं फोरम." रोमन गावात दोन सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि तिथे फोरम, म्हणजे भर चौक असतो, तसा आपल्याकडे आहे का हे पाहायला ते एकदा रस्त्याच्या मधोमध जाऊन एक डोळा मिटून उभे राहिले. मागून रिक्षावाला ओरडला, "चाचा, मरना है क्या? बाजू हो जाव!" साडूंनी वळून त्याला हात जोडले आणि मला म्हणाले, "बघा, तितंबी आशीच दाटी आसणार." त्या दिवशी रुखवतासाठी चादरी बघायला आलेल्या दोन बायका त्यांचं रोमन फरशीवरचं व्याख्यान ऐकून हात हलवत परत गेल्या. त्यातली एक दुसरीला म्हणत होती, "हितं फरशा मिळत्यात वाटतं."

पण त्यांचा खरा जीव होता त्या गावच्या दोन बिशपांवर. एका काळी तिथे एकाच वेळी दोन बिशप होते, दोघांची वेगळी चर्चं, आणि दोघंही म्हणत, खरा मी. हे भांडण मला पुस्तकातून कधीच समजलं नसतं. साडूंनी ते चार वाक्यांत सांगितलं. "छळ झाला तवा काई पुजारी भ्याले, पोथ्या देऊन मोकळे झाले. पुढं बरे दिस आले, तसे परत गाभाऱ्यात येऊन बसले. आता आसल्याच्या हातचा अंगारा चालतुय का न्हाय? एक म्हणतुय चालतुय, एक म्हणतुय न्हाय." हीच गोष्ट त्यांनी आपल्या अपार्टमेंटच्या सभेत सांगितली. तिथे अध्यक्षपदावर दोघे जण हक्क सांगत होते आणि त्यातला एक मध्यंतरी राजीनामा देऊन पुन्हा परतलेला होता. दोन्ही बाजूंना वाटलं, टोमणा आपल्यालाच. सभा मोडली. लिफ्ट अजून बंद आहे.

इथपर्यंतची ही गोष्ट मी माणसांना हसवायला सांगत असे. पाहुणे आले की माझं ठरलेलं असायचं: चहा, चिवडा आणि साडू. एकदा असंच सांगत असताना बायको आतून म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे ना, दाजींचं गाव कुठं आहे ते?" मला माहीत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माहीत नसेल कसं? फक्त मी दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

साडूंचं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. ते तरणे असताना पाणी चढलं. अर्धं गाव उचलून एका माळावर वसवलं, अर्धं दुसऱ्यावर. प्रकल्पग्रस्त म्हणून साडूंना नोकरी मिळाली, ती पाटबंधारे खात्यात. म्हणजे ज्या पाण्यात घर गेलं त्याच पाण्याचे आकडे ते जन्मभर रकान्यात भरत बसले. आणि गाव नसलं तरी गावचा भैरोबा आहे, त्याची चैत्रातली यात्रा आहे, आणि त्या यात्रेत साडूंच्या घराचा एक मान आहे.

मान फार मोठा नाही. पालखी निघायच्या आधी तिच्या शेजारी साडूंच्या घरून आलेलं घोंगडं अंथरतात. त्यावर साडूंच्या घरातला माणूस बसतो. पूजा झाली की गुरव विचारतो, "उठवू का?" घोंगड्यावरचा माणूस म्हणतो, "उठवा." मग पालखी उठते, धरणाच्या काठाला जाते, पाण्याकडे तोंड करून थांबते आणि परत येते. एवढंच. त्या एका शब्दासाठी साडू दर चैत्रात सोलापूरहून जातात. आणि त्याच शब्दासाठी दुसऱ्या माळावरचे अण्णा, त्यांच्या भावकीतले थोरले, हयातभर त्यांच्याशी भांडत आले. अण्णांचं म्हणणं, मान मूळचा आमच्या घराचा, पाणी आलं त्या गडबडीत तुम्ही घोंगडं उचलून नेलंत. भावकीचा नियम असा, की पूजेच्या वेळी घोंगडं रिकामं दिसलं तर मान दुसऱ्या घराकडे जातो. कायमचा.

यंदा फाल्गुनात साडूंच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल आणि थांबण्यात धोका आहे. तारीख दिली. साडूंनी कॅलेंडर मागवलं. नेमका यात्रेचा दिवस.

"मग न्हाय," साडू म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं. ताईंनी समजावलं, मग रडल्या. बेंगळुरूहून मुलगी आली, तिने आधी समजावलं आणि मग आरडाओरडा केला. साडू पलंगावर मांडी घालून बसले होते. "त्या गावची गादी एवढी वर्सं रिकामी ठिवली न्हाय त्या लोकांनी," ते म्हणत होते, "आन् मी ठिवू? भीतीपायी?" ताई दाराबाहेर येऊन माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाल्या, "हा माणूस दगडांपायी मरणार बघ." ते ऐकून मी आत गेलो आणि सुरुवातीचं ते वाक्य बोललो.

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक विटलेल्या चादरीकडे पाहतं. पण दुकानात दुसरी चादर नव्हती. मी त्यांच्या रक्ताचा नाही, हे मीच त्यांना सांगितलं. देवाधर्माचाही नाही, हेही सांगितलं. देवळात गेलो तर मी बहुधा दुसऱ्याची चप्पल घालून परततो. साडू म्हणाले, "त्या दोन बिशपांच्या भांडणात शेवटी काय ठरलं? घागर कसली का आसंना, पाणी ते पाणीच. माझ्या नावानं बसला, तर मीच बसलो."

मग माझं शिक्षण सुरू झालं. इस्पितळाच्या पलंगावर मला मांडी घालून बसवण्यात आलं. "ताठ. पाट टेकायची न्हाय. पायाला मुंग्या आल्या तर येऊ द्या. एकदा बसला की पालखी उठंपतूर उठायचं न्हाय. समजा आंगावर इंचू चढला..." "तर?" "तर चढू द्या." नर्स गोळ्या घेऊन आली आणि पलंगावर मला बघून म्हणाली, "पेशंट कोणता?"

यात्रेच्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी निघालो. खिशात मोबाइल होता आणि काखेत साडूंचं घोंगडं. ताईंनी सांगितलं होतं, आत नेलं की फोन करते, बाहेर आणलं की फोन करते. फाट्यावरून एका मोटारसायकलवाल्याने मला माळावर आणून सोडलं. पत्र्याचं देऊळ, समोर मंडप, ऊन असं की सावलीसुद्धा तापलेली. साडूंच्या जागी मी आलोय हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. बायका मला बोट दाखवून पोरांना सांगत होत्या, "त्ये बघ, त्येंचं साडू." मंडपाच्या खांबाला टेकून एक उंच, काळेशार, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. फक्त घोंगड्याकडे बघत होते. मी ओळखलं, अण्णा.

मी बसलो. ताठ बसलो. पाठ टेकली नाही. गुडघ्यातून कळ निघाली, ती कंबरेपर्यंत आली, मी तिला म्हणालो, चढ बाई. पूजा चालू होती. मनात एकच चित्र होतं: साडू आत आहेत, दिवे लागलेत, छाती उघडलीय. ताईंचा फोन आला नव्हता. मी खिसा चाचपला. फोन होता, पण रेंज एक काडी. गुरवाने घंटा वाजवायला घेतली आणि नेमका त्याच क्षणी फोन वाजला.

ताई! मी कानाला लावला. "हॅलो," असं त्या म्हणाल्या, मग "ऐका ना, ह्यांचं..." आणि आवाज तुटला. ह्यांचं काय? पुढे नुसतं खरखर. त्या खरखरीत मला एक हुंदका ऐकू आला, किंवा आल्यासारखं वाटलं. मी उठलो. घोंगडं, मान, भावकी, विंचू, काही आठवलं नाही. "हॅलो, हॅलो" करत मंडपातून बाहेर, काठाच्या बाजूला, रेंज सापडेल तिकडे पळत सुटलो. मागे घंटा थांबली. ती थांबलेली ऐकू आली तेव्हा मी पुष्कळ लांब होतो.

परत वळलो तेव्हा घोंगड्यावर अण्णा बसले होते.

साडूंनी जन्मभर जपलेली एकच गोष्ट मी एका फोनच्या घंटीसाठी टाकून आलो होतो. आणि फोनही लागला नव्हता. मी अण्णांसमोर उभा राहिलो.

"कुणाचा फोन?" अण्णांनी विचारलं.

"हॉस्पिटलातनं."

"काय म्हणालं?"

"कळलं नाही. तुटला."

"हाय का न्हाय?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या साधेपणाने विचारला की मला रडू आलं. मी मान हलवली, म्हणजे माहीत नाही.

अण्णा घोंगड्यावरून हलले नाहीत. पण गुरवाकडे वळून म्हणाले, "थांबा. त्यो हाय का न्हाय ते कळू द्या. त्यो नसला तर घराला सुतक हाय, आन् सुतकात पालखी उठवायची न्हाय." मग माझ्याकडे पाहिलं. "आन् तुमी आसं बगू नगा. जागा धरून ठिवलीया. रिकामी दिसली आसती, तर आमच्याच पोरांनी बसून घितली आसती." आणि त्यांनी आपल्या पुतण्याला हाक मारली. "ह्यास्नी टेकडीवर ने. तितं रेंज घावती."

त्या टेकडीवर जाताना मोटारसायकलच्या मागे बसून मी कोणकोणत्या देवांना काय काय कबूल केलं, ते सांगत नाही. काही नवस अजून फेडायचे आहेत. वर पोचताच फोन लागला.

"ताई! दादा कसे आहेत?"

"कसे असायचेत!" ताई कडाडल्या. "ऑपरेशनच्या दारात स्ट्रेचरवर झोपलेत आणि आत जायला तयार नाहीत. पालखी उठली का ते आधी विचार म्हणतायत. डॉक्टर माझ्यावर ओरडतायत. उठली ना हो, भाऊजी?"

मी टेकडीवरून खाली मंडपाकडे पाहिलं.

"उठली ना?"

"नाही अजून. दादा आहेत की नाही हे कळेना, म्हणून थांबलेत."

पलीकडे काही तरी खडखडलं. ताईंनी फोन त्यांच्या कानाला लावला असावा, कारण एकदम साडूंचा आवाज आला, घोगरा, पण ठणठणीत. "पाव्हणं! मी हाय की! जाऊन सांगा, हाय म्हणावं!" मग आवाज खाली आला. "घोंगड्यावं कोण हाय?"

खोटं बोलायची माझी इच्छा होती. पण घाईत मला खोटं नीट जमत नाही. "अण्णा," मी म्हणालो.

इतका वेळ शांतता पसरली की मला वाटलं, झालं, ऑपरेशनची गरज उरली नाही.

"शब्द बोलला का त्यो?"

"नाही. म्हणाले, जागा धरून ठेवलीय."

मागे कोणी तरी "काका, आता बास" म्हणत होतं. "बरं," साडू म्हणाले. "त्येला सांगा..." आणि फोन कोणी तरी काढून घेतला.

मी खाली आलो. माणसं तशीच बसून होती, पोरंसुद्धा. पालखीच्या दांड्याला हात लावून चौघं उभे, कोणी हात काढला नव्हता. मी ओरडून सांगितलं, "आहेत! आहेत दादा!" तशी बायकांनी एकदम श्वास सोडला. अण्णांनी विचारलं, "आनिक काय म्हणाला?"

"तुमच्यासाठी 'बरं' म्हणाले."

"बरं म्हणाला?" अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "आजपतूर मला कधी बरं म्हणाला न्हाय त्यो." ते उठले नाहीत, नुसते सरकले. अर्ध्या घोंगड्यावर मी बसलो. गुरवाने विचारलं, "उठवू का?" अण्णा समोर बघत होते. मी म्हणालो, "उठवा." माझा आवाज असा फाटला की पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

पालखी काठाला गेली. पाणी यंदा बरंच होतं, काही उघडं पडलं नव्हतं. नुसतं पाणी, लांबपर्यंत, आणि वर बगळे. तिथे म्हातारी माणसं हातांनी दाखवू लागली. ती तालीम. ती चावडी. तो लिंब. अण्णांनी पाण्याच्या एका जागी बोट केलं आणि म्हणाले, "त्ये तुमच्या साडूचं दार. आन् त्येच्या शेजारी माझं." मी त्या दिशेला पाहिलं. मला पाणीच दिसत होतं. पण त्या क्षणी सोलापुरात साडूंची छाती उघडी होती आणि इथे अण्णा त्यांचं दार दाखवत होते, त्यामुळे मी बराच वेळ तिकडे बघत राहिलो. फोन हातात होता. रेंज नव्हती. परतीच्या एसटीत संध्याकाळी तो वाजला. "झालं," ताई म्हणाल्या, "शुद्धीवर यायचेत अजून," आणि या वेळी खरोखरच हुंदका होता. उरलेल्या रस्त्यात मी खिडकीबाहेर काय पाहिलं, ते मला आठवत नाही.

साडू शुद्धीवर आले. पुढच्या आठवड्यात त्यांना भेटायला लोकांना आत सोडू लागले, तेव्हा पहिले आले ते अण्णा. धोतराच्या सोग्यात यात्रेचं गुलाल-खोबरं बांधून एसटीने आले होते. अण्णा पलंगाच्या कडेवर बसले, साडूंनी पाय आखडून त्यांना जागा केली. खोबऱ्याचा तुकडा साडूंनी कपाळाला लावला आणि उशीखाली ठेवला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, लांबचा प्रवास आता नाही, उन्हातला तर नाहीच. साडू खिडकीकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "फुडल्या साली मला यायला जमंल न जमंल. गादी रिकामी पडती बग, अण्णा."

माझं मन भरून आलं. मी पुढे झालो आणि म्हणालो, "मी आहे की, दादा."

अण्णांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि साडूंकडे वळून म्हणाले, "निसतं घोंगडं धाडलंस तरी चालंल, पर ह्यास्नी नगं."